खाली सोफे, वर अकरा मुलं

माझी आत्या इमारती तपासायची. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात तिची सगळी नोकरी गेली. नवी इमारत उभी राहिली, जुनीत फेरफार झाला, गोदामाचं दुकान किंवा दुकानाचा दवाखाना झाला, की ती इमारत नियमांच्या कोणत्या वर्गात बसते हे तिथे जाऊन ठरवायचं, हे तिचं काम. लोकांना वाटतं यात नुसतं गणित असेल. गणित असतंच, पण आत्याच्या मते ते दोन प्रश्न विचारून झाल्यावर सुरू होतं. इमारत कशाची बांधली आहे, आणि आत माणसं काय करतात. कंत्राटदार मंडळी तिला तिच्या पाठीमागे ‘दोन प्रश्न’ असंच म्हणायची. आज दोन प्रश्न येणार आहेत, जिना मोकळा करून ठेवा, असा निरोप तिच्या आधी पोचलेला असायचा.

पहिल्या प्रश्नावरून ती भल्याभल्यांना गप्प करायची. एका दुकानदाराने जुन्या लाकडी तुळया काढून तिथे लोखंडी बसवल्या होत्या आणि आता आगीची भीती नाही म्हणून तो तिला मोठ्या कौतुकाने दाखवत होता. आत्याने त्याला समजावलं की उघडं लोखंड जळत नाही हे खरं, पण तापलं की मऊ पडतं आणि वरचा मजला घेऊन खाली बसतं. त्याची ती जुनी जाडजूड तुळई बाहेरून कोळसा झाली असती, पण आतून बराच वेळ तग धरून राहिली असती. दुकानदाराचा चेहरा एवढासा झाला. मग तिनेच त्याला धीर दिला की आता लोखंड काढायला नको, त्याला आग न लागणाऱ्या लेपाने झाकून घेतलं की झालं. तिची ही रीतच होती. नाही म्हणायची, पण पाठोपाठ कसं जमेल तेही सांगायची, त्यामुळे तिच्यावर चिडलेला माणूससुद्धा जाताना तिला चहा विचारायचा.

दुसरा प्रश्न लोकांना जास्त अवघड जायचा. कागदाच्या गोदामात एकाने व्यायामशाळा काढली. भिंती त्याच, छप्पर तेच, मग परवानगी नवी कशाला, असा त्याचा वाद. आत्याने विचारलं, धूर झाला असता तर तुमच्या कागदाच्या गठ्ठ्यांपैकी किती जण एकदम दाराकडे धावले असते? तो माणूस हसला आणि स्वतःच टेप घेऊन दार मोजायला लागला.

आत्या अंगाने भरलेली, चालायला भराभर, आणि हसली की बाजूच्या खोलीतले लोक डोकावून बघायचे. लग्न तिने केलं नाही. एक-दोघांनी विचारलं होतं, पण त्यांची घरं बघितली आणि बेत बदलला, असं ती सांगायची. खरं-खोटं तिलाच माहीत. सिनेमाला गेली की पडद्याच्या आधी तिची नजर बाहेर जायच्या दाराकडे जायची, आणि ते दार बाहेरच्या बाजूला उघडतंय असं दिसलं की मग ती निवांत पाय पसरून बसायची.

माझे बाबा तिचे थोरले भाऊ. ते बस चालवायचे. निवृत्त झाल्यावर सुरुवातीला घरात त्यांचा जीव रमेना. आईच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे नीट लावून द्यायचे, मग आईला एकही डबा सापडायचा नाही. अशात समोरच्या घरातल्या नर्सबाईंची पंचाईत झाली. त्यांना तीन वर्षांच्या जुळ्या मुली, सांभाळणारी अचानक सोडून गेलेली आणि सकाळची ड्यूटी. बाबा म्हणाले, आणून सोडा आमच्याकडे, मी काय हातावर हात धरूनच बसलोय.

जुळ्या आल्या आणि बाबांना जणू पुन्हा गाडी मिळाली. त्यांनी जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या एकामागे एक लावल्या, स्वतः पुढे बसले आणि बस सुरू केली. हात धुण्याचा स्टॉप, जेवणाचा स्टॉप, आणि दुपारी झोपेचा शेवटचा स्टॉप, तिथे सगळ्यांनी उतरायचं. नर्सबाईंनी दवाखान्यात सांगितलं, तिथल्या एकीने तिच्या जावेला सांगितलं. पावाच्या भट्टीवाल्याचा मुलगा आला, शिक्षिकेचं रांगतं बाळ आलं. बघता बघता अकरा मुलं झाली. त्यातली तिघं अजून चालतही नव्हती. मी सकाळी कामाला जाताना जिन्यात मुलं भेटायची आणि परत येताना पुसून न निघालेले रंग. आई कपाळाला हात लावायची, पण अकराच्या अकरा मुलांना कोणतं बिस्किट आवडतं हे तिला पाठ होतं.

आमचं घर दुमजली. बाहेरच्या भिंती विटांच्या, आणि आत सगळं लाकूड. मजला लाकडी, तुळया लाकडी, वर जायचा एकुलता एक जिनाही लाकडी. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खाली बरीच वर्षं सोफे दुरुस्त करणारे एक काका होते, आम्ही त्यांना सोफाकाकाच म्हणायचो. त्यांच्याकडे छतापर्यंत फोमचे गठ्ठे, कापडाचे तुकडे आणि फोम चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे. माणूस इतका गरीब स्वभावाचा की मुलांच्या झोपेच्या वेळी हातोडी बाजूला ठेवायचा.

आत्या दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायची. रविवारी मुलं नसायची. भावाने दोन-तीन मुलं सांभाळायला घेतलीत एवढं तिच्या कानावर होतं आणि तिला त्याचं बरंच वाटत होतं. पण एका मंगळवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान तपासायला ती आली, काम लवकर उरकलं, आणि चहा घ्यावा म्हणून आमच्याकडे वळली. त्या दिवशी मी सर्दीने घरी होते, म्हणून पुढचं मला प्रत्यक्ष बघायला मिळालं.

दार ढकलून ती आत आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशीच थबकली. प्रत्येक पायरीवर बोटभर बुटांचा एकेक जोड. खालून सोल्यूशनचा वास. ती बूट चुकवत वर आली. झोपेचा स्टॉप नुकताच झाला होता, आणि समोरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मुलं पसरली होती. बाबांनी तोंडावर बोट ठेवून तिला गप्प राहायची खूण केली. ती नजरेनेच मुलं मोजत होती. माझ्या हसऱ्या आत्याचा चेहरा इतका उतरलेला मी कधी बघितला नव्हता.

ती संध्याकाळपर्यंत थांबली. आईबाप एकेक करून मुलांना न्यायला आले. तिने भट्टीवाल्याच्या मुलाच्या बुटाची नाडी बांधून दिली. शेवटचं मूल गेल्यावर म्हणाली, “दादा, हे आता घर राहिलेलं नाही.”

“मग काय आहे?”

“पाळणाघर आहे. लाकडी मजल्यावर, एकाच जिन्याचं, आणि खाली फोम.”

बाबांनी ते हसण्यावारी नेलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांची मुलं घरी आली म्हणून घराचं काही पाळणाघर होत नाही, म्हणाले. आत्याने सांगितलं की पाच मुलांपर्यंत नियमही त्याला घरच म्हणतो. त्यापुढे मात्र तो विचारतो की आतल्या माणसांना स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येतं का. शाळेतली मुलं सांगितलं तर रांगेत उतरतात. रांगणारं बाळ उतरत नाही, त्याला कुणीतरी उचलावं लागतं. म्हणून तान्ह्यांची जागा दवाखान्यासारख्याच वर्गात मोडते, आणि तिच्यासाठी तळमजला लागतो.

इथवर ठीक होतं. पण मग तिने सांगितलं की सख्ख्या भावाचं घर आहे म्हणून ती स्वतः तपासणार नाही, पण साहेबांच्या कानावर घालणं तिला भाग आहे. बाबा भडकले. बहीण म्हणून चहाला आलीस आणि खात्याची अधिकारी म्हणून चाललीस, असं म्हणून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत्याने चहाचा कप विसळून ठेवला आणि ती गेली.

त्या रविवारी ती जेवायला आली नाही. अबोला धरला तरी दोघांचे निरोप सुरूच होते, आणि ते सगळे आईच्या डोक्यावरून जायचे. आत्या फोनवर आईला सांगायची, वहिनी, निदान पायऱ्यांवरचे बूट तरी उचलायला सांग. बाबा तिथेच बसून म्हणायचे, तिला म्हणावं मी इतकी वर्षं बस चालवली, भरलेली गाडी हां हां म्हणता रिकामी करायचो. आईने बूट मात्र त्याच दिवशी उचलले. एका संध्याकाळी तिने बाबांच्या हातात सरळ फोन दिला आणि बहीणभावांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तुम्ही दोघं कशावर भांडताय ते मला एकदा डोळ्यांनी बघू द्या. उद्या जेवणाआधी सगळी मुलं खाली आणून दाखवा.”

बाबा लगेच तयार झाले. त्यांना वाटलं, आयताच डाव हाती आला.

दुसऱ्या दिवशी आत्या रजा काढून आली आणि खाली रस्त्यावर, दारासमोर उभी राहिली. मी वर होते. बाबांनी जुनी शिट्टी शोधून काढली होती. शिट्टी वाजली आणि मोठी मुलं मोठ्या उत्साहाने रांगेत उभी राहिली. बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मग त्यांनी एक बाळ डाव्या हातावर घेतलं, एक उजव्या, तिसरं आईकडे दिलं, आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मुलांचा हात धरायला आता कुणाचाच हात मोकळा नाही. मी पुढे होऊ लागले तर म्हणाले, तू रोज नसतेस, तू लांबच थांब.

जुळ्यांपैकी एक जिना उतरू लागली आणि दुसरी, आपली बाहुली राहिली म्हणून, रांगेच्या उलट वर निघाली. तिला धक्का लागून मागचा मुलगा पायरीवर बसला आणि बसल्यावर त्याला तिथेच बरं वाटायला लागलं. एकाला डाव्या पायातला बूट मिळेपर्यंत उतरायचं नव्हतं. ज्याला आम्ही ‘का’ म्हणायचो, कारण तो दुसरं काही बोलतच नसे, तो प्रत्येक पायरीवर थांबून विचारत होता की आपण खाली का चाललोय. बाबा वरून ओरडून सांगत होते, पुढे सरका, पुढे सरका, आणि त्यांच्या हातावरची दोन्ही बाळं त्या आवाजाने रडायला लागली.

तरीही कसंबसं निभावलं असतं. पण त्याच वेळी सोफाकाका आणि त्यांचा जोडीदार एक तीन जणांचा सोफा उचलून बाहेरून आत आणत होते. त्यांना आमच्या भांडणाचा पत्ताच नव्हता. जिन्याचा आणि दुकानाचा दरवाजा एकच, आणि तो सोफा तिरका होऊन नेमका त्यात अडकला. पुढेही जाईना, मागेही येईना. काका सोफ्याच्या मागून घामाघूम होऊन म्हणत होते, जरा थांबा, आत्ता निघतो. जिन्याच्या अंधारात मुलं पायऱ्यांवर बसून राहिली, वर बाबा दोन बाळं घेऊन उभे. त्यांचं ओरडणं थांबलं होतं. मी त्यांच्या मागे होते, मला त्यांची फक्त मान दिसत होती. ती मान हळूहळू खाली गेली.

सोफा निघाला, मुलं बाहेर आली, ‘का’ने सोफा का अडकला ते काकांना विचारलं. बाबा शेवटी उतरले. बाळं आत्याकडे आणि माझ्याकडे देऊन ते रस्त्यात ठेवलेल्या त्याच सोफ्यावर बसले.

“किती वेळ लागला?” त्यांनी विचारलं.

“घड्याळ बघायचं राहूनच गेलं,” आत्या म्हणाली. “मी तुझ्याकडे बघत होते.”

बाबांनी त्या अरुंद दाराकडे बघितलं. मग म्हणाले, “बसला मागेही दार असतं ग. इतकी वर्षं त्या दाराने माणसं उतरवली, आणि इथे माझ्या डोक्यात आलं नाही.”

आत्या त्यांच्या शेजारी बसली. आईने आतून पाण्याचे पेले आणले, आणि गल्लीतल्या लोकांनी आम्हाला रस्त्याच्या मधोमध सोफ्यावर बसून पाणी पिताना बघितलं. आत्याने तिथल्या तिथे बेत मांडला. मुलं खाली यायला हवीत आणि सोफे दुसरीकडे जायला हवेत. बाबा म्हणाले, काकांना मी कसं निघा म्हणू. पण लग्न जुळवणाऱ्या बायकांना जशी सगळ्यांची मुलं-मुली ठाऊक असतात तशा आत्याला गावातल्या रिकाम्या जागा ठाऊक होत्या. मागच्या रस्त्यावर एका छपाईवाल्याची शेड पडून होती. विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, एकच मजला, वर कुणी राहत नाही, आणि दारं इतकी रुंद की दोन सोफे शेजारी शेजारी जातील. काका जाऊन बघून आले आणि खुशीत परतले. इतकी वर्षं त्या अरुंद दाराला आपणही मनातल्या मनात शिव्या घालत होतो, म्हणाले, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मूग गिळून बसलो.

मुलांनी काही दिवस आळीपाळीने एकमेकांच्या घरी मुक्काम केला आणि आमच्या खालच्या मजल्यावर सुतार आणि गवंडी आले. छताला खालून आग अडवणाऱ्या जिप्समच्या जाड पाट्यांचे दोन थर बसले, म्हणजे खालच्या पाळणाघराची आणि वरच्या घराची हद्द ठरली. धूर झाला की वाजणारी घंटा आली. दर्शनी दार जिन्यापासून वेगळं झालं. आणि बाजूच्या भिंतीला नवं दार पाडलं, बोळात बाहेरच्या बाजूला उघडणारं. बाबा रोज गवंड्याच्या मागे लागून त्या दाराची बिजागरी स्वतः उघडझाप करून बघायचे. त्याला ते ‘मागचं दार’च म्हणायचे, ते बाजूला असलं तरी. आत्याने सगळं निरखून पाहिलं, दार दहादा ढकललं, आणि पसंतीची मान डोलावली.

आत्याने साहेबांच्या कानावर घातलं होतंच, म्हणून तपासायला तिच्याच खात्यातले दुसरे एक अधिकारी आले. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. त्यांनी छत ठोकून पाहिलं, घंटा वाजवून पाहिली, बाजूचं दार ढकललं आणि ते बोळात बाहेर पडले. आम्हाला वाटलं आता परत येतील. ते बोळाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथून त्यांनी आत्याला हाक मारली. बोळाच्या तोंडाशी जाळीचं फाटक होतं आणि त्याला साखळी घालून कुलूप लावलेलं होतं. भटकी कुत्री येतात म्हणून आईने ते लावलं होतं.

“बाई, दार बोळात उघडतं,” ते म्हणाले. “बोळ कुठे उघडतो?”

आत्या लालेलाल झाली. तिने दार बघितलं होतं, चौकट बघितली होती, पण चार पावलं पुढे जाऊन फाटक बघितलं नव्हतं. बाबांना हसू आवरेना. हसता हसता ठसका लागला, आईने पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा थांबले. म्हणाले, आता हिने मला काही शिकवलं तर मी तुम्हालाच बोलावीन. आत्याने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. लोहाराकडून त्याच दुपारी साखळी काढून, आतून नुसतं ढकललं की उघडेल अशी कडी बसवून घेतली. मग अधिकाऱ्यांनी सही केली आणि आईच्या हातची दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

खालचा मजला सुरू झाला त्या दिवशी आत्या मुलांच्या एका बुटक्या खुर्चीवर कशीबशी मावून बसली होती. ‘का’ने तिला विचारलं की ती काय काम करते. तिने सांगितलं, घरं कशाची आहेत आणि आत कोण कोण राहतं ते मी बघते. झालं, सगळ्या मुलांनी तिला घेरलं. माझं घर कशाचं, माझं घर कोणतं. ती प्रत्येकाला विचारत होती, जिना कसा वाजतो, भिंत ठोकली तर आवाज कसा येतो. भट्टीवाल्याच्या मुलाने सांगितलं की त्याचं घर पावाचं आहे, त्यावर ती इतकी हसली की हसत उठताना अडकलेली खुर्चीही तिच्याबरोबर उठली.

मग ‘का’ म्हणाला की त्याच्या घराचा जिना करकरतो आणि सगळ्यात वर आजी राहते, ती खाली येतच नाही. आत्याने हसू आवरून विचारलं, येत नाही की येता येत नाही? तो म्हणाला, तिचे पाय झोपलेत.

संध्याकाळी त्याची आई न्यायला आली तेव्हा आत्या तिच्याबरोबरच निघाली. मला म्हणाली, तूही चल, पलंग उचलायला माणसं लागतील. त्या घरातल्यांना सुरुवातीला कळेचना की ही बाई कोण आणि आजींच्या खोलीत का शिरते आहे. आत्याने कोणताही नियम सांगितला नाही. खालच्या बैठकीच्या खोलीला खिडकी रस्त्याकडे आहे आणि आजी वर एकट्या असतात, एवढंच बोलली. रात्रीच्या जेवणाआधी आम्ही पलंग, औषधांचा डबा आणि आजी, असं सगळं खाली आणलं. आजींना चौघांनी खुर्चीसकट उचललं होतं, आणि उतरताना त्या प्रत्येकाला नीट चालायला बजावत होत्या.

आता आजी त्या खिडकीशी बसतात. गल्लीतून कोण किती वाजता जातं, कुणाच्या सायकलीला घंटी नाही, कोण पोरांवर उगाच खेकसतं, सगळं त्यांना ठाऊक असतं. आत्या तिथून जाताना न थांबता पुढे गेली तर हाक मारून परत बोलावतात.